त्यांची घोडचूक, आमची नजरचूक

बटाट्याने माणसाचं वजन वाढतं म्हणतात. डॅन क्वेल यांचं बटाट्याने वजन गेलं, ते गेलंच.

तारीख १५ जून १९९२. स्थळ न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटनची एक प्राथमिक शाळा. अमेरिकेचे रिपब्लिकन उपाध्यक्ष क्वेल स्पेलिंगच्या स्पर्धेला येऊन बसलेत, हातात शाळेने दिलेली कार्डं. बारा वर्षांचा एक मुलगा फळ्यावर बटाट्याचं स्पेलिंग लिहितो. अगदी बरोबर लिहितो. उपाध्यक्ष कार्डाकडे बघतात आणि शेवटी थोडंसं काही राहिलंय, असं गोड आवाजात सुचवतात. मुलगा गुणी. साहेब सांगतायत म्हटल्यावर तो शेवटी एक 'ई' चिकटवून मोकळा होतो. झालं! त्या एका 'ई'ने क्वेल यांची पुढची सगळी कारकीर्द खाल्ली. मुलगा डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात जाऊन आला, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणायचा मान त्याला मिळाला, आणि नोव्हेंबरात बुश-क्वेल जोडी निवडणूक हरून घरी गेली. हरण्याची कारणं अर्थव्यवस्थेत होती, असं जाणकार सांगतात. पण अर्थव्यवस्था कुणाच्या लक्षात राहते? बटाटा राहिला.

यातली मेख अशी की शाळेच्या कार्डावरच ते स्पेलिंग चुकीचं होतं. क्वेल यांनी समोर लिहिलेलं वाचलं, एवढाच त्यांचा गुन्हा. आपल्याकडे प्रमुख पाहुण्याने शाळेने दिलेला कागद जसाच्या तसा वाचला तर त्याला शाल आणि श्रीफळ मिळतं. तिथे शाळेचं कार्ड बातमीच्या तळाशी गेलं आणि पाहुणा मथळ्यात.

आता हीच गोष्ट सोळा वर्षं पुढे सरकवा. मे २००८, ओरेगन राज्यातलं बीव्हरटन. अध्यक्षपदाची उमेदवारी मागत फिरणारे डेमोक्रॅट बराक ओबामा भाषणात सांगून जातात की मी सत्तावन्न राज्यांत जाऊन आलो, अजून एक राहिलंय. वर, अलास्का आणि हवाई या दोन राज्यांत मला जाऊ दिलं नाही, हेही सांगतात. अमेरिकेत राज्यं पन्नास. हिशेब करायला बसलात तर देश एकदम साठ राज्यांचा होतो. त्यांना सत्तेचाळीस म्हणायचं होतं, हे उघड आहे. त्याच दिवशी आपलं गणित कच्चं झाल्याची थट्टाही त्यांनी स्वतःच केली. बातमी आली, हसू झालं, आणि गाडी पुढे गेली. क्वेल यांची गाडी मात्र बटाट्याच्या पोत्याला अडकली ती अडकलीच.

हा फरक का, असा प्रश्न ज्या दिवशी रिपब्लिकन माणसाला पडला, त्या दिवसापासून तो झोपलेला नाही. निदान एक माणूस तरी झोपलेला नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

ट्रेंटनपासून अर्ध्या-पाऊण तासावर एडिसन आहे आणि एडिसनात माझ्या दोन मावसबहिणी आहेत. त्यांचे नवरे म्हणजे एकमेकांचे साडू. साडू हे नातं मुळातच दोन पक्षांचं. सासर एक, मतं दोन. थोरले साडू रेगन यांच्या काळात अमेरिकेत उतरले, म्हणून रिपब्लिकन. धाकटे वायटूकेच्या लाटेत क्लिंटन यांच्या काळात उतरले, म्हणून डेमोक्रॅट. ज्याच्या अमदानीत विमान टेकलं त्याचं मीठ खाल्लं, इतकं साधं राजकारण. थोरल्यांच्या बेसमेंटमध्ये फॉक्स न्यूज अखंड चालू असतं. धाकट्यांकडे न्यूयॉर्क टाइम्स येतो आणि सकाळची कॉफी त्याच्यासाठी थांबते. दोघं एका घरी जमले की टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, असा बहिणींनी कायदा केलाय. मग हे दोघं मुक्या पडद्याखालून सरकणारी पट्टी वाचतात आणि त्या पट्टीवर भांडतात.

"क्वेलने एक 'ई' जास्त लावला, तर जन्मभर बटाटा," थोरले वड्याचे काट्याने बरोबर दोन भाग करत म्हणतात. "तुमच्या ओबामांनी सात राज्यं जास्त लावली. अक्षर मोठं की राज्य मोठं?"

"दमले होते हो ते, दादा. किती महिने प्रचार चालला होता."

"आणि क्वेल काय झोपून उठून आले होते?"

"त्यांच्याबद्दल तेच तर म्हणतात लोक," धाकटे म्हणतात आणि चटणी पुढे सरकवतात.

या दोघांचं ऐकता ऐकता नेत्यांच्या चुकांचा एक पक्का नियम माझ्या ध्यानात आला. आपल्या माणसाची चूक ही परिस्थितीची असते. समोरच्याची चूक ही स्वभावाची असते. आपला अडखळला तर जमीन वाईट, त्यांचा अडखळला तर माणूस वाईट.

जून २०२०. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत भाषण आटोपून डोनाल्ड ट्रम्प एका उतारावरून खाली आले. इतक्या बेताबेताने आले की क्लिप जगभर फिरली. त्याच भाषणात त्यांनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तीही क्लिप फिरली. त्या आठवड्यात धाकटे साडू मेंदूविकारतज्ज्ञ झाले. कोणत्या पावलाला किती उशीर झाला, कोपर किती अंशात होतं, कोणती नस दबली असावी, सगळं त्यांना क्लिपमध्ये दिसत होतं. थोरले तेव्हा स्थापत्य अभियंते होते. उतार किती तीव्र, कठडा कसा नाही, पृष्ठभाग कसा निसरडा, याचं त्यांनी जेवणाच्या टेबलावर चमचा तिरका ठेवून प्रात्यक्षिक दाखवलं. पुढच्याच आठवड्यात टल्सातल्या सभेत ट्रम्प यांनी या उतारावर सविस्तर प्रवचन केलं, बुटाचे तळवे चामड्याचे होते हेही सांगितलं, आणि एका हाताने पाणी पिऊन दाखवलं. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाने एका हाताने पाणी प्यायल्याबद्दल टाळ्या मिळवाव्यात, हे लोकशाहीचं सामर्थ्य म्हणायचं.

मार्च २०२१. आता जो बायडन अध्यक्ष. विमानाच्या जिन्यावरून चढताना ते एकदा नाही, तीनदा अडखळले. व्हाइट हाउसतर्फे खुलासा झाला की वारा जोराचा होता. त्याच संध्याकाळी थोरल्यांनी अभियांत्रिकी सोडली आणि मेंदूविकारात प्रॅक्टिस सुरू केली. धाकट्यांनी वैद्यकी सोडली आणि हवामान खात्यात रुजू झाले. वाऱ्याचा वेग, दिशा, झोत, जिन्याची उंची. मी दोघांनाही त्यांच्या मागच्या वर्षीच्या व्यवसायाची आठवण करून दिली. दोघांनीही माझ्याकडे तू भारतात राहतोस, तुला इथलं कळायचं नाही, अशा नजरेने पाहिलं. त्या एका नजरेपुरतं त्यांचं एकमत होतं.

२०२४ साली तर नावांचा बाजारच उठला. जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या सभेत ट्रम्प उमेदवारीतल्या प्रतिस्पर्धी निकी हेली यांच्याविषयी अशा गोष्टी बोलत राहिले ज्या डेमोक्रॅट नॅन्सी पेलोसी यांना लागू होत्या. फेब्रुवारीत बायडन यांनी इजिप्तच्या सिसींना मेक्सिकोचे अध्यक्ष करून टाकलं, तेही आपली स्मरणशक्ती ठणठणीत आहे हे सांगायला बोलावलेल्या पत्रकार परिषदेत. जुलैत नाटोच्या बैठकीत त्यांनी युक्रेनच्या झेलेन्स्की यांची ओळख 'अध्यक्ष पुतिन' अशी करून दिली. युद्ध चालू असताना इतकं झटपट सत्तांतर रशियालाही जमलं नव्हतं. थोडा वेळ गेला आणि त्यांच्याच उपाध्यक्ष कमला हॅरिस 'उपाध्यक्ष ट्रम्प' झाल्या.

अशा वेळी कुठली चूक किती दाखवली, याची मोजदाद दोन्ही घरांत होते. आणि इथेच खरी गंमत आहे. बायडन यांच्या वयाबद्दलच्या बातम्यांवर थोरल्यांचं म्हणणं असं की माध्यमांनी सगळं दडपून ठेवलं. जून २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादात बायडन यांची वाक्यं अर्ध्यावर हरवली आणि देशाने ते डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा थोरल्यांना जो आनंद झाला तो त्यांना मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. त्यांचं म्हणणं पूर्णपणे चूकही नाही. वर्षभराने वॉशिंग्टनच्या दोन पत्रकारांनी याच झाकपाकीवर जाडजूड पुस्तक काढलं. पण त्याच काळात, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, व्हाइट हाउसमधून पत्रकारांच्या संघटनेला रागाचं पत्र गेलं, की आमच्या माणसावरच्या चौकशी अहवालाच्या बातम्या तुम्ही चुकीच्या देताय. न्यूयॉर्क टाइम्स बायडन यांचं वय फार छापतो, ही तक्रार धाकटे कॉफीसमोर न्यूयॉर्क टाइम्स धरूनच करत होते. एकाच विषयावर एकच वृत्तपत्र एकाच महिन्यात लपवतही होतं आणि उगाळतही होतं. असा दुहेरी पराक्रम नुसत्या पक्षपाताने साधत नाही. त्याला वाचकांची साथ लागते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८५ साली याचा छडा लावला. १९८२ मध्ये बैरुतजवळच्या निर्वासित छावण्यांत झालेल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलच्या समर्थकांना दाखवल्या आणि अरबांच्या समर्थकांनाही. फीत तीच, शब्द तेच, निवेदक तोच. दोन्ही गटांना खात्रीने दिसलं की बातम्या आपल्या विरुद्ध झुकलेल्या आहेत. पुढचा भाग तर आमच्या साडूंनी भिंतीवर टांगून ठेवावा असा आहे. ज्याला विषयाची माहिती जास्त, त्याला पक्षपातही जास्त दिसला. अज्ञानी माणूस बातमी बघून झोपतो. जाणकार माणूस बातमी बघून पत्र लिहायला बसतो.

मग माध्यमं काय धुतल्या तांदळासारखी आहेत? मुळीच नाहीत. क्वेल यांच्याच नावावर एक प्रसिद्ध वाक्य आहे. लॅटिन अमेरिकेचा दौरा झाल्यावर ते म्हणाले म्हणे, की शाळेत लॅटिन नीट शिकलो असतो तर तिथल्या लोकांशी बोलता आलं असतं. हे वाक्य क्वेल कधीच बोललेले नाहीत. १९८९ साली क्लॉडीन श्नायडर नावाच्या त्यांच्याच पक्षाच्या काँग्रेस सदस्य बाईंनी भाषणात केलेला तो विनोद. पण छापणाऱ्यांनी तो खरा म्हणून छापला, कारण तो क्वेल यांना इतका शोभून दिसत होता की शहानिशा करणं म्हणजे विनोदाचा अपमान. अलास्काच्या तेव्हाच्या रिपब्लिकन गव्हर्नर सेरा पेलिन यांचंही तसंच. माझ्या घरातून रशिया दिसतो, हे वाक्य त्यांचं नाही, टीना फे या नटीचं आहे, सप्टेंबर २००८ मधल्या सॅटर्डे नाइट लाइव्ह या विनोदी टीव्ही कार्यक्रमातलं. पेलिन एवढंच म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशियाची जमीन दिसते. आणि ती दिसते. लिटल डायोमीड बेटावर उभं राहिलं की बिग डायोमीड समोर आहे, मधे जेमतेम चार किलोमीटर पाणी. पण खऱ्या वाक्याला कुणी विचारत नाही आणि नकलेचं वाक्य अवतरणचिन्हांत जाऊन बसतं.

हे सांगितलं की थोरले टेबलावर मूठ आपटतात. "बघा! मी काय सांगत होतो!" अशा वेळी त्यांना जेराल्ड फोर्ड आणि अल गोर एकाच ताटात वाढावे लागतात.

फोर्ड हे अमेरिकेच्या अध्यक्षांतले बहुधा सर्वांत दणकट खेळाडू. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९३२ आणि १९३३ अशी दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात ते होते. व्यावसायिक संघांनी त्यांना बोलावणी धाडली होती. असा हा गडी १ जून १९७५ रोजी साल्झबर्गला पावसात विमानाच्या ओल्या जिन्यावरून उतरताना, हातात छत्री असताना, शेवटच्या पायऱ्यांवर घसरला. उठला, हसला, इजिप्तच्या सादात यांना भेटला. त्यांचं बोलणं काय झालं हे कुणाला आठवत नाही. त्या दिवसापासून फोर्ड म्हणजे धडपडणारा माणूस. चार महिन्यांनी सॅटर्डे नाइट लाइव्ह सुरू झालं. त्यात चेव्ही चेस हा नट वारंवार फोर्ड म्हणून पडायचा. चेहरा फोर्ड यांच्यासारखा केला नाही, आवाज काढला नाही, फक्त पडला. तेवढ्यावर लोकांनी ओळखलं. फोर्ड यांचे प्रेस सेक्रेटरी रॉन नेसन आधी कळवळून सांगत होते की साहेब किती चपळ आहेत. पुढे एप्रिल १९७६ मध्ये स्वतः नेसननीच त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं. ज्या झाडाखाली दगड लागतात त्याच झाडावर चढून बसलेलं बरं, हा शहाणपणा झाला.

आता गोर. क्लिंटन यांचे हे उपाध्यक्ष पडले डेमोक्रॅट, म्हणजे थोरल्यांच्या हिशेबाने माध्यमांचे जावई. मार्च १९९९ मध्ये सीएनएनच्या मुलाखतीत ते म्हणाले की काँग्रेसमध्ये असताना इंटरनेट घडवण्यात मी पुढाकार घेतला. वाक्य फुगवलेलं होतं, पण पार खोटं नव्हतं. नेटवर्कसाठी सरकारी पैसा आणि कायदा उभा करण्यात त्यांचा हात होता. इंटरनेटच्या खऱ्या जनकांपैकी विंट सर्फ आणि बॉब कान यांनी नंतर त्यांची बाजूही घेतली. उपयोग शून्य. पुढाकार घेतला याचं 'शोध लावला' झालं आणि २००० ची निवडणूक संपेपर्यंत गोर बढाईखोर ठरले. २००४ मध्ये तसंच हॉवर्ड डीन यांचं. अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत आयोवात तिसऱ्या क्रमांकावर आल्यावर कार्यकर्त्यांना चेव आणायला त्यांनी एक आरोळी ठोकली. सभागृहात इतका गोंगाट होता की ती आरोळी तिथल्या बहुतेकांना वेगळी ऐकूही आली नाही. पण डीन यांच्या हातातला माइक फक्त त्यांचाच आवाज उचलत होता. टीव्हीवर गर्दी गायब झाली आणि एक माणूस एकटाच किंचाळताना दिसला. पुढचे कित्येक दिवस वाहिन्यांनी ती किंकाळी शेकडो वेळा वाजवली. डीन डेमोक्रॅट होते, माध्यमांना डेमोक्रॅट आवडतात म्हणतात, आणि माध्यमांनीच त्यांचा बँड वाजवला.

म्हणजे पक्षपात आहे, पण तो रिपब्लिकन-डेमोक्रॅट असा सरळ रेषेत नाही. तो शिक्क्यांचा आहे. वार्ताहराची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दिवसभर नेत्याच्या मागे फिरून पाय गेलेत, नेत्याने तेच भाषण चौथ्यांदा केलंय, संपादक फोनवर मजकूर मागतोय. अशात नेता काहीतरी चुकतो. ही चूक आधी मारलेल्या शिक्क्यात बसत असेल तर बातमी तयार. मठ्ठ, धडपड्या, बढाईखोर, म्हातारा, यांतलं एक कपाळी असलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही, वाचक आपण होऊन हसतो. शिक्क्यात न बसणारी चूक मात्र महाग पडते. ओबामा म्हणजे विद्वान, हा शिक्का आधी बसला होता. विद्वान माणूस राज्यं मोजायला चुकला, यात मथळा कसा बांधणार? क्वेल यांच्यावर १९८८ च्या वादातच प्रतिस्पर्धी उमेदवार लॉइड बेंटसन यांनी तुम्ही केनेडी नव्हेत असं सुनावून शिक्का मारला होता. त्यात बटाट्याच्या महिनाभर आधी ते टीव्ही मालिकेतल्या मर्फी ब्राउन या काल्पनिक बाईच्या अविवाहित मातृत्वावर भाषणातून रागावले होते. वार्ताहर शाई ओली ठेवूनच ट्रेंटनला गेले होते. तिथे क्वेल यांनी शेक्सपियर म्हणून दाखवला असता तरी वहीत बटाटाच आला असता.

आणि शिक्का चांगला लागला तर काय बहार! डिसेंबर १९८२ मध्ये रेगन ब्राझीलला गेले आणि शाही मेजवानीत ग्लास उंचावून बोलिव्हियाच्या जनतेचं अभीष्ट चिंतिलं. सावरून घेताना म्हणाले की तिथे मी आता पुढे जाणार आहे. पुढे ते जाणार होते कोलंबियाला. एका घोटात तीन देशांचा अपमान. ऑगस्ट १९८४ मध्ये माइक तपासताना त्यांनी थट्टेत सांगितलं की रशियावर पाच मिनिटांत बाँबफेक सुरू होतेय, आणि ती थट्टा बाहेर फुटली. तीन महिन्यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं त्यांनी जिंकली. पॅट श्रोडर या डेमोक्रॅट बाई मुलांसाठी अंडी तळत होत्या. टेफ्लॉनच्या तव्याला काहीच चिकटत नाही हे बघून त्यांना वाटलं, हा तर आपला अध्यक्ष. 'टेफ्लॉन' हे विशेषण रेगन यांना तेव्हापासून लागलं. गंमत म्हणजे रेगन यांना काही चिकटलं नाही, फक्त हे विशेषण चिकटलं.

पक्षपाताच्या तक्रारीचा धंदा मात्र जुना आणि बरकतीचा. नोव्हेंबर १९६९ मध्ये निक्सन यांचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी डी मॉइनला टीव्ही बातम्यांवर आगपाखड केली, की मूठभर लोक देशाने काय बघायचं ते ठरवतात. हे आग ओकणारं भाषण तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी थेट दाखवलं. शिव्या देणाऱ्याला स्वतःच्याच ओट्यावर उभं करून लाउडस्पीकर धरणारे असे यजमान विरळा. चार वर्षांनी ॲग्न्यू करचुकवेगिरीच्या प्रकरणात पद सोडून गेले, पण तक्रार मागे ठेवून गेले. ती आजही अंडी घालते. नेता चुकला की आधी खुलासा येतो, तो टिकला नाही की माफी, आणि माफी मागायची नसेल तर माध्यमांचा पक्षपात.

क्रिकेटमध्येही पक्षपाताचं हे दुखणं होतंच. घरचे पंच घरच्यांना पायचीत देत नाहीत, ही पाहुण्या संघांची कायमची रड. शेवटी १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीला भारतातले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी पंच म्हणून उभे राहिले. पाकिस्तानात भारतीय पंच, आणि तेही इम्रान खान यांच्या आग्रहावरून! त्यामुळे मी साडूंना सुचवलं की तुमच्या बातम्यांनाही तिसऱ्या देशाचे पंच आणा. "बीबीसी?" थोरले ओरडले. "ते सगळे डावे." "बीबीसी?" धाकटे म्हणाले. "ते सगळ्यांना घाबरतात." पिलू रिपोर्टर आडनावाने जरी वार्ताहर असले तरी एडिसनात त्यांचाही निभाव लागला नसता.

म्हणून मी एक प्रयोग केला. रविवारी, आवाज बंद असताना, वडे समोर असताना. म्हटलं, मी चुका सांगतो, नावं सांगणार नाही. तुम्ही फक्त हसायचं.

"एक राष्ट्रप्रमुख ब्राझीलमध्ये बोलिव्हियाच्या नावाने ग्लास उंचावतो."

दोघांच्या ओठांचे कोपरे हलले आणि तिथेच थांबले.

"कोण?" थोरल्यांनी विचारलं.

"ते शेवटी."

"मग हसेनही शेवटी."

"निदान साल तरी," धाकटे म्हणाले.

मी साल सांगितलं. धाकटे खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. थोरले गंभीरपणे म्हणाले, "त्या भागात देश फार दाटीवाटीने आहेत."

दुसरी चूक. "एक नेता मुलाखतीत सांगतो की शेअर बाजार कोसळला तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट टीव्हीवर येऊन लोकांशी बोलले. बाजार कोसळला १९२९ मध्ये. तेव्हा अध्यक्ष होते हूवर, आणि लोकांकडे टीव्हीच नव्हता." पुन्हा चौकशी, पुन्हा साल. २००८. बायडन. आता थोरले खिदळत होते आणि धाकटे भावार्थ समजावत होते.

तिसरी मी मुद्दाम लांबची काढली. २०१५ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट टास्मानियात एका कांद्याच्या शेतीवर गेले, हातात कांदा घेतला आणि सालासकट कचकन चावून खाल्ला, कॅमेऱ्यांसमोर.

दोघं एकदम हसले. अगदी पोट धरून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. माझी थोरली बहीण स्वयंपाकघरातून बघायला आली, की यांना झालं काय. "सालासकट!" धाकटे डोळे पुसत म्हणाले. "अहो, बुक्कीने तरी फोडायचा!" थोरले म्हणाले. "भाकरी तरी मागायची!"

मग हसू ओसरलं. थोरल्यांनी डोळे टिपले, चष्मा लावला आणि जरा पुढे झुकून मला विचारलं, "हा ॲबट उजवा की डावा?"

"उजवा."

थोरल्यांनी वडा ताटात परत ठेवला. "तरीच," ते म्हणाले. "तरीच दाखवला एवढा."